कॉम्प्युटरचा स्वेटर

भूलताई घरी आली, हात धुतले आणि आतल्या खोलीत डोकावली, तर तिच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरनं स्वेटर घातला होता.

ती दारातच थांबली. भूलताई म्हणजे भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन थिएटरमधल्या कुणीतरी कधीकाळी गमतीनं हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता सर्जनही तिला त्याच नावानं हाक मारायचे. थिएटरमध्ये आकाश कोसळलं तरी हिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, अशी तिची ख्याती होती. इथं मात्र तिला काय बोलावं ते सुचेना. स्वेटर सुरेख होता, हे कबूल करायलाच हवं होतं. करड्या लोकरीचा, टेबलाशेजारच्या त्या उभ्या डब्याला डोक्यावरून चढवलेला, कडेला उठावदार पट्टी, मागं वायरींसाठी बेतानं सोडलेली फट. ज्या बाजूला काच होती आणि काचेतून आतले निळे दिवे दिसायचे, तिथं आईनं खिडकीसारखा चौकोन राखला होता. म्हणजे जिथून हवा आत शिरायची सुतराम शक्यता नव्हती तेवढी एकच बाजू मोकळी. पुढची जाळी, वरची जाळी, मागचा पंखा, जिथं जिथं त्या बिचाऱ्याला नाकपुड्या होत्या तिथं तिथं घट्ट उलटसुलट वीण. सकाळी निघताना तिनं मशीनवर एक कसोटी लावून ठेवली होती. ती त्याला दिवसभर जिवाच्या आकांतानं पळवायची आणि एवढं पळूनही ते किती तापतं ते पडद्यावर दाखवायची. पडद्यावरचे आकडे लालभडक होते, तापमान शंभरीला टेकलेलं होतं, आणि आतले पंखे गिरणीसारखे घोंघावत होते. "कसं बसलंय?" मागून आईचा आवाज आला. भूलताईनं वळून पाहिलं. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेला तो डोळा, त्यात औषधाचे थेंब घालून ओलसर झालेला, तिच्याकडे एवढ्या आशेनं बघत होता, की तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "छान." आणि पाठमोरं होत, आईच्या नकळत, तिनं माऊसनं कसोटी थांबवली.

लोकर ओळखीची वाटत होती. जवळ जाऊन तिनं हात लावला. गरम लोकरीचा वास आला आणि त्या वासामागून वसतिगृहाची खोली आली, परीक्षेच्या पहाटा आल्या. "आई, हा माझा स्वेटर आहे." "होता," आई म्हणाली. "तुझ्या माळ्यावर गाठोड्यात पडला होता. आता त्यात तुझा एक दंड तरी मावेल का? उसवला." पन्नाशी उलटलेल्या बाईला असं बोलायची मुभा जगात आता एकाच माणसाला उरली होती, आणि ते माणूस रविवारी परत जाणार होतं. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून आली होती. डोळा झाला, पट्टी निघाली, तपासणी झाली, डोळ्याच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. आता राहायला काही कारण उरलं नव्हतं, आणि या घराण्यात कारणाशिवाय कोणी कोणाकडे राहत नसे. तशी पद्धतच नव्हती. भूलताईला मात्र आई राहायला हवी होती. तिला ते इतकं हवं होतं की भाजी चिरताना, जिना चढताना, पेशंटच्या नाडीवर बोट असतानासुद्धा मनात तेवढंच चाललेलं असायचं, आणि तोंडातून मात्र निघायचं ते "रविवारी डबा काय देऊ?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा त्यांच्याकडे पिढीजात आलेला ऐवज. आईच्याच गावात वेगळ्या घरी राहणारा दादा दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि विचारायचा, "आईला केव्हा पाठवतेस?" जसं काही ते पार्सल होतं. आणि आईही फोन घेऊन सांगायची, "येते रे रविवारी," आणि फोन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहायची.

स्वेटर काढ म्हणावं, तर आईनं किती वर्षांनी सुया हातात घेतल्या होत्या! मधे एकदा तिनं विणणं सोडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, हातच्या स्वेटरला आता कोण विचारतंय, दुकानात मिळतात ढिगानं. टाके दिसत नाहीत, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा ती खिडकीशी उभी राहून समोरच्या गच्चीवरची निळी टाकी किती तरी वेळ बघत राहिली. "अगं बाई, निळा असा असतो होय," ती म्हणाली होती. मोतीबिंदू पिकला की जग पिवळट होत जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, हे भूलताईनं पुस्तकात वाचलं होतं. तरी ते वाक्य ऐकून तिला आत जाऊन उगाच भांडी घासावी लागली. त्याच दिवसांत टेबलाशेजारी कॉम्प्युटर उभा राहिला आणि काचेतून निळा उजेड पडायला लागला. भूलताई कामावर गेली की आई खुर्ची ओढून त्या निळ्यासमोर जाऊन बसायची. त्या उजेडात तिनं हा स्वेटर विणला होता. तो काढ असं सांगायला जीभ रेटेना.

म्हणून तिनं जे केलं ते तिच्यासारख्या शहाण्या बाईला शोभणारं नव्हतं. तिनं मशीनचाच वेग उतरवला. ज्या मशीनसाठी तिनं एवढा खटाटोप केला होता त्याचा! जुन्या लॅपटॉपवर तिचा आवडता खेळ, बर्फाच्या घाटातून मोटार पळवायचा, अडखळत चालायचा. मोटार वळणावर थबकायची आणि पुन्हा हलेपर्यंत दरीत गेलेली असायची. दिवसभर थिएटरमध्ये तिचं काम म्हणजे काहीही घडू न देणं. सगळं सुरळीत झालं तर भूलताई दिसतच नाही. पेशंट जागा होतो, सर्जनचे पाय धरतो आणि घरी जातो. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे. पण घरी आल्यावर कुठंतरी भन्नाट सुटावंसं वाटायचं, चाकं घसरावीत, पोटात गोळा यावा, आणि तरी कुणाच्या जिवाला धक्का लागू नये. म्हणून हा नवा कॉम्प्युटर. सुटे भाग आणून तिनं तो जेवायच्या टेबलावर स्वतः जोडला. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी लोखंडाला हात लावला. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारा लेप वाटाण्याएवढा ठेवला, जास्तही नाही नि कमीही नाही, आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा मनोऱ्यासारखा कूलर बसवून चारी स्क्रू तिरके, आळीपाळीनं आवळले. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचे-वरचे बाहेर टाकणारे. आई तेव्हा ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून बसली होती आणि विचारत होती, "याला काय झालंय?" "काही नाही झालेलं," भूलताई म्हणाली होती, "होऊ नये म्हणून." मग तिनं ओव्हरक्लॉकिंग सुरू केलं, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा प्रोसेसर थोडा जास्त पळवायचा. लोक त्यात हावरटपणा करतात, एकदम वेग वाढवतात, वीज वाढवतात आणि हात पोळून घेतात. भूलताईचा खाक्या वेगळा. एक पायरी चढायची, थांबायचं, तापमान बघायचं. बरं असेल तर पुढची. औषध असंच चढवायचं असतं. माणूस कितीही धट्टाकट्टा दिसला तरी पहिला थेंब बेतानंच.

आता सगळं मुसळ केरात. दोन दिवस ती हळू केलेल्या मशीनवर हळू मोटार चालवत बसली. वेग उतरवूनसुद्धा स्वेटरच्या आत ते धुमसत होतं. पंखे आत घोंघों करत फिरत होते आणि तीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत होते. तळहात लावला की वरची लोकर अंगात ताप असल्यासारखी लागायची. आई शेजारी बसून कौतुकानं म्हणायची, "आता कसं ऊबदार दिसतंय," आणि भूलताई म्हणायची, "हो ना." तिला आतून चुटपुट लागून राहिली. आपण कोणाला फसवतोय? तिला वाटलं, आपण नेहमी हेच करत आलो. कुणाला काही म्हणायचं नाही, स्वतःचा वेग उतरवायचा आणि निभावून न्यायचं. लहानपणी वाढदिवसाला बाबांनी तिच्या आवडीची नव्हे तर दादाच्या आवडीची सायकल आणली, उंच, मधे दांडी असलेली. छान आहे, म्हणाली होती ती, आणि वर्षभर दांडीखालून पाय घालून चालवली होती. गंमत म्हणजे ती आठवण दुःखाची नव्हती. तशी सायकल चालवायला मजाही आली होती. ती तिरकी तिरकी जायची आणि गल्लीतली पोरं हसायची आणि तीही हसायची. भूलताई कुढणारी बाई नव्हतीच. तिचं बरं चाललं होतं, फक्त शुक्रवारी संध्याकाळी आईनं आपली कपड्यांची पेटी काढून तिच्यावरची धूळ पुसली, आणि तो फडक्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून भूलताईनं खेळाचा आवाज वाढवला.

शनिवारी सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं, आई खुर्चीत आणि ती मशीनसमोर, बाहेर निवांत ऊन. ती वळणावर होती आणि मोटार पुन्हा थबकली. "ते कोपऱ्यातले लाल आकडे कसले गं?" आईनं विचारलं. भूलताई चमकली. आकडे बारीक होते, मुंगीएवढे, आणि आई पार खोलीच्या त्या टोकाला. "तुला तिथून दिसतंय?" "दिसतंय म्हणजे काय! ब्याण्णव लिहिलंय. आता त्र्याण्णव झालं." आईच्या आवाजात असा काही तोरा होता की भूलताईला हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या भरात ती बोलून गेली. "तापमान आहे ते, आई. ताप आलाय त्याला." "कशानं?" आता आली का पंचाईत! भूलताईनं माऊस सोडला. "स्वेटरनं," ती म्हणाली.

आई उठली. जवळ आली, लोकरीवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. मग तिनं हात मागं नेला, पुढं नेला, जाळीवर धरला. "इथून श्वास घेतं होय हे?" "हो. आणि वरून, मागून सोडतं." "म्हणजे मी नेमकं त्याचं नाक-तोंड दाबून ठेवलं." "तुला कसं कळणार, आई?" "मला नाही कळणार, पण तुला कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?" "तुला वाईट वाटलं असतं." आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा गं वा! मला वाईट वाटू नये म्हणून तू त्या बिचाऱ्याला दोन दिवस शिजवत होतीस? आणि वर मला म्हणत होतीस, छान! तुझे बाबा परवडले. त्यांना आमटी आवडली नाही की निदान पाणी तरी जास्त प्यायचे, मला समजायचं." असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी स्वेटर वर ओढला. तो डोक्यावरून निघाला तसा आतून गरम हवेचा झोत भूलताईच्या तोंडावर आला. आईनं स्वेटर उलटा केला, शिवण तपासली, शेवटचा टाका शोधला आणि धागा ओढला. "अगं, उसवतेस कशाला? राहू दे ना, आठवण!" "आठवणीला करायचंय काय? लोकर चांगली आहे." टाके पटापट सुटत होते. तिला जराही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट तिच्या हाताला एक जोम आला होता, आणि भूलताईच्या मनात आलं, ही दोन दिवसांची जपणूक कुणासाठी केली आपण? समोर ही ठणठणीत बाई चूक उसवून गुंडाळी करत बसली होती.

मग दोघींनी मिळून ते काम पुरं केलं. म्हणजे काम भूलताई करत होती आणि आई खुर्चीतून आकडे वाचत होती, मोठ्यानं, लिलाव पुकारल्यासारखे. वेग एक पायरी वर. "एकसष्ट. बासष्ट. थांबलं बासष्टावर." आणखी एक पायरी. "सहासष्ट." भूलताईला कळेना, तिला एवढा आनंद का होतोय. थिएटरमध्ये आकडे ती एकटीच बघायची. तिथं ते वाचून दाखवायला कुणी नसायचं आणि तशी गरजही नसायची. इथं लोकरीची गुंडाळी करता करता कुणीतरी तिच्याबरोबर तेच बघत होतं. "अजून वाढव," आई म्हणाली. "पुरे, आई." "का? झेपतंय की त्याला!" "झेपतंय तोवर थांबायचं असतं. उन्हाळ्यात खोली तापली की त्याला अंगात थोडी जागा लागेल." तरी आईच्या आग्रहाखातर तिनं आणखी एक पायरी चढवली, आणि पडदा क्षणभर गोठला, काळा झाला, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. आईनं तोंडावर हात ठेवला. "मेलं का?" "नाही गं. नको म्हणतंय, एवढंच. चांगलं मशीन आहे, स्पष्ट सांगतं." तिनं दोन पायऱ्या खाली उतरून तिथंच मुक्काम ठोकला. कसोटी लावली. आकडे हिरवे झाले आणि बाहेर रात्र पडेपर्यंत हिरवेच राहिले. पंखे मंदावत मंदावत इतके शांत झाले की आईनं विचारलं, "बंद पडलं का गं?" "चालू आहे," भूलताई म्हणाली. "आता त्याला ओरडायचं कारण नाही." तिनं खेळ लावला. बर्फाचा घाट उघडला, वळणावर वळणं आली, मोटार लोण्यातून जावी तशी गेली, आणि शेवटी उतारावर, जिथं ती आजवर कधीच पोचली नव्हती, डोंगरामागून एक तळं आलं. निळं, काठोकाठ. आई गुंडाळी मांडीवर ठेवून बघत राहिली. "थांबव जरा तिथं," ती म्हणाली. भूलताईनं मोटार काठाशी थांबवली.

खोलीत शांतता होती. एवढी शांतता, की आईच्या बांगड्यांचा आवाज यायचा, आणि रस्त्यावरून कोणी बोलत गेलं तर शब्द समजायचे. पंखे घोंघावत होते तेव्हा न बोलायला निमित्त होतं. भूलताईनं मनातल्या मनात एक पायरी चढायचा प्रयत्न केला. "तुझ्या त्या घरी आता गारठा असेल," ती म्हणाली. "असेल," आई म्हणाली. आणखी एक. "तिथं जिनाही अंधारा आहे." "आहे खरा." "डोळ्यात थेंब अजून दोन महिने घालायचेत. तुझा हात हलतो." "शेजारीण घालेल." भूलताईची कानशिलं तापली होती, आणि तिला स्वतःचाच राग आला. केवढी ही घासाघीस, आणि कशासाठी? समोर आपली आई आहे, आणि आपण तिच्याशी असं बोलतोय जसं काही ती कुणाची पाहुणी. तिनं खुर्ची वळवली. "आई, जाऊ नकोस," ती म्हणाली. "थेंबांसाठी नाही म्हणत. मला तू इथं हवी आहेस. राहा."

लोकरीचं टोक आईनं गुंडाळीत खोचलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोचलं. "तुझे बाबा गेल्यापासून," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं भावंडं मला विचारता, केव्हा येतेस, केव्हा निघतेस. राहतेस का, असं आज विचारलंस." भूलताईनं हात पुढं केला आणि आईनं तो धरला, लोकरीसकट. "मग दादाला फोन करते," भूलताई नाक ओढत म्हणाली. "आणि उद्याचं तिकीट रद्द करायला हवं." "ते परवाच केलं." "काय?" "थेंब आणायला खाली गेले होते ना, तेव्हा. त्या औषधवाल्यानं दिलं करून फोनवर. चांगला आहे पोरगा." भूलताईनं खुर्ची पुढं ओढली. "आणि मी विचारलंच नसतं तर?" "तर दुसरं काढायचं. त्याला तसं सांगून ठेवलंय मी. दुकान बंद करायच्या आत या, म्हणाला, उद्याच्या गाडीत जागा बघून देतो." आईनं मान खाली घातली. "म्हटलं, तो दुकान बंद करेपर्यंत वाट बघावी."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तो आवाज पायऱ्या चढून, खिडकीतून, त्या निःशब्द खोलीत स्पष्ट आला, आणि मग कुलूप लावल्याचाही आला. "बघ," आई म्हणाली, "गेला तो घरी."